मध्यंतरातला फेटा

अवधूत गायधनी इटलीत फुटबॉल खेळतो, हे वाक्य दोह्यात पहिल्यांदा उच्चारलं ते त्याच्या वडिलांनी. त्यात खोटं म्हणावं असं काही नव्हतं. अवधूत होता इटलीतच. फुटबॉलही होताच. फक्त 'खेळतो'बद्दल थोडं सविस्तर बोलावं लागलं असतं, आणि शशिकांतराव गायधनी या विषयावर सविस्तर बोलत नसत.

सविस्तर ते असं. मोंतेसल्वो नावाच्या गावात एक व्यावसायिक क्लब आहे. तो इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो आणि दर वर्षी चौथीत घसरता घसरता राहतो. या क्लबचा एक राखीव संघ आहे. तो आणखी खाली खेळतो. तिथं मैदानाच्या कुंपणापलीकडे द्राक्षाचे मळे असतात आणि प्रेक्षकांत खेळाडूंचे नातेवाईक. अवधूत या राखीव संघात होता, आणि त्यातही बाकावर. म्हणजे राखीवांतला राखीव. "द्राक्षाचे मळे बघायला नाशिककराचा मुलगा इटलीपर्यंत गेला," असं आसावरीबाई एकदा म्हणाल्या होत्या. ते शशिकांतरावांना आवडलं नव्हतं.

शशिकांतराव एका गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर होते, अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये राहत होते आणि मरुगंध मराठी मंडळाचे कार्यवाह होते. पगार पहिल्या गोष्टीचा मिळे. जगायला कारण तिसरी गोष्ट देई. मंडळाचा कुठलाही सत्कार त्यांच्याशिवाय झालेला नव्हता. शाली कुठं मिळतात, नारळ कुठल्या दुकानात सोललेला देत नाहीत, मानपत्रात 'देदीप्यमान' हा शब्द कुठं टाकायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. दर वर्षी कुणाचा तरी मुलगा आयआयटीत जाई, कुणाची मुलगी मेडिकलला लागे. शशिकांतराव माइकवर नाव पुकारत, मुलगा यायचा, त्याचे आईवडील यायचे, फोटो व्हायचा. फोटोच्या कडेला शशिकांतरावांचा एक हात यायचा, ताट धरलेला.

अवधूतनं बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायला नकार दिला, तेव्हा तो हात कायमचा ताटालाच चिकटला असं त्यांना वाटलं होतं. इटलीनं त्यांना वाचवलं.

आणि जानेवारीत इटलीच दोह्यात आली.

क्लबच्या मालकाला आखातातला एखादा प्रायोजक गाठायचा होता. मुख्य संघाला लीगमधून सवड नव्हती, म्हणून त्यानं राखीव संघ हिवाळी सरावासाठी पाठवला. एका स्थानिक क्लबशी मैत्रीपूर्ण सामना ठरला, आणि मैदान निघालं गायधनींच्या घरापासून गाडीनं पाच-दहा मिनिटांवर.

"बाबा, लिसन," अवधूत फोनवर म्हणाला. "मिस्टरनी सांगितलंय, ही मॅच बघून ते डिसाइड करणार."

तिकडे कोचला नावानं हाक मारत नाहीत, नुसतं 'मिस्टर' म्हणतात. शशिकांतराव सुरुवातीला 'मिस्टर साहेब' म्हणत.

"कसलं डिसाइड?"

"लेफ्ट बॅकला आम्ही दोघं आहोत. मी आणि तो ब्रेशिया गावचा मुलगा. एकालाच ठेवणार. दुसऱ्याला रिलीज."

"म्हणजे तुला खेळवणार!"

"आय डोन्ट नो. सेकंड हाफला, मे बी. बाबा, प्लीज... डोन्ट मेक अ बिग थिंग, ओके? तुम्ही आणि आई या फक्त."

"बरं," शशिकांतराव म्हणाले, आणि त्यांनी कार्यकारिणीची सभा बोलावली.

सभा अध्यक्षांच्या घरी झाली. अध्यक्ष धोंडीराम वाघचौरे मूळचे लातूरकडचे. बांधकामाच्या परांच्या बांधायच्या धंद्यात त्यांनी इतकी माणसं पुरवली होती की कुठल्याही कार्यक्रमाला दोन बसभर प्रेक्षक ते एका फोनवर उभे करत. ते म्हणाले, "गायधनी साहेब, आपलं लेकरू इटलीहून येतंय अन् आपण काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? सत्कार झाला पाहिजे. नागरी."

"तुम्ही म्हणता तर..." शशिकांतराव म्हणाले. मानपत्राचा मसुदा त्यांच्या खिशातच होता.

प्रमुख पाहुणे म्हणून मसाल्यांचे एक मोठे वितरक ठरले, कारण अल्पोपहार त्यांचा होता. पण त्यांना त्याच संध्याकाळी मुशैरिबच्या एका हॉटेलात दुसऱ्या सत्काराला जायचं होतं. म्हणजे सामना संपेपर्यंत ते थांबणं शक्य नव्हतं. सामन्याआधी प्रेक्षकांच्या बसेस पोचणं शक्य नव्हतं. राहिलं मध्यंतर.

"अहो, मॅच झाल्यावर करा ना," आसावरीबाई घरी म्हणाल्या. "त्याचं लक्ष खेळात असेल."

"मॅच झाल्यावर पाहुणे नसतील. पाहुण्यांशिवाय सत्कार म्हणजे घरातलं औक्षण."

"मग घरात औक्षण करू."

"तुला मंडळाचं काही कळत नाही," शशिकांतराव म्हणाले. यावर त्यांच्या घरातल्या बहुतेक चर्चा संपत.

मैदानाचा व्यवस्थापक इब्राहीम ओळखीचा होता. "टेन मिनिट्स, सर," तो म्हणाला. "बाहेरच्या बाजूला. टेन मिनिट्स, खलास." शशिकांतरावांनी त्याला निमंत्रणपत्रिका दिली. ती मराठीत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

सामन्याच्या दिवशी हवा छान होती, वारा होता, आणि मोंतेसल्वोच्या राखीव संघानं मोंतेसल्वोत कधी पाहिला नसेल एवढा जमाव गॅलरीत होता. इटालियन पोरं वर बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. वाघचौरेंच्या बसेस भरून आल्या होत्या. नऊवारीतल्या लेझीम पथकाला इब्राहीमनं गेटवरच अडवलं होतं, तेवढा एक वाद सोडला तर व्यवस्था चोख होती. खालच्या बाजूला टेबल, त्यावर सॅटिनचं कापड, माइक. टेबलामागे फलक: 'इटलीचा फुटबॉलवीर चि. अवधूत यांचा भव्य नागरी सत्कार'. 'चि.'वरून मतभेद झाले होते. वीर म्हटल्यावर चि. कसं, असं मानपत्र वाचणाऱ्या नमिताताईंचं म्हणणं पडलं. पण फलक छापून झाला होता.

पहिला भाग अवधूतनं बाकावर काढला. त्याच्या जागी ब्रेशियाचा मुलगा खेळत नव्हता; तोही बाकावरच होता. तिथं एक तिसराच कुणी खेळत होता, मूळचा मधल्या फळीतला, आणि वाईट खेळत होता. एवढं शशिकांतरावांनाही कळलं. गॅलरीतून मधूनच "अवधूत! अवधूत!" असा घोष उठे. अवधूत बुटाच्या नाड्या बांधे. त्या बांधलेल्याच होत्या.

"हितं बाकावर बसायचं बी पैसं देत्यात व्हय?" कुणीतरी मागं विचारलं. शशिकांतरावांनी मागं वळून पाहिलं नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली. खेळाडू आत गेले. बाकावरचे गडी, रिवाजाप्रमाणे, मैदानातच चेंडू खेळवत राहिले. आत जाता जाता मिस्टर थांबले. ठेंगणे, पिकल्या मिशांचे, हिवाळी जाकीट गळ्यापर्यंत ओढलेले. त्यांनी अवधूतकडे बोट केलं, मग दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली आणि काहीतरी म्हणाले. ते इटालियन होतं, तरी गॅलरीतल्या शेवटच्या रांगेलाही ते कळलं असतं.

अवधूत धावत कडेला आला. त्याचा चेहरा शशिकांतरावांनी असा कधी पाहिला नव्हता. लहानपणी तसा दिसत असेल, पण तेव्हा ते ऑफशोअर, समुद्रातल्या फलाटावर असत.

"बाबा! मी जातोय. सेकंड हाफच्या स्टार्टलाच."

"अरे वा! वा वा! आसावरी, ऐकलंस?"

"सो मला आता वॉर्मअप करायला पाहिजे. हे सगळं," त्यानं टेबलाकडे हात केला, "नंतर. ओके?"

शशिकांतरावांनी टेबलाकडे पाहिलं. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते. वाघचौरे माइकवर फुंकर मारत होते. नमिताताईंनी मानपत्राची गुंडाळी सोडली होती. फोटोग्राफरनं जागा धरली होती, आणि त्या जागेवरून जो फोटो येणार होता, त्यात शशिकांतरावांच्या हातात पहिल्यांदाच ताट नव्हतं.

"दोन मिनिटं रे. नुसता उभा राहा."

"बाबा, नॉट नाऊ."

"पाहुण्यांना जायचंय. एवढी माणसं आलीत तुझ्यासाठी."

"बाबा, ही इज लुकिंग..."

"अवधूत," शशिकांतराव हलक्या आवाजात म्हणाले, "चार लोकांत माझी मान खाली जाईल असं करू नकोस."

अवधूत मंडळात वाढला होता. नाव पुकारलं की जायचं, वाकून नमस्कार करायचा, फोटो होईपर्यंत हलायचं नाही, हे त्याला फुटबॉलला लाथ मारता येण्याआधीपासून येत होतं. त्यानं एकदा मैदानाकडे पाहिलं. ब्रेशियाचा मुलगा कडेनं एकटाच पळत होता, वळत होता, पुन्हा पळत होता. मग अवधूत टेबलाकडे आला.

फेटा बांधायला संपत होता. संपत कोल्हापूरकडचा, एका कंपनीचा ट्रेलर चालवायचा, आणि दोह्यातल्या समस्त मराठी डोक्यांवर फेटे त्याच्याच हातचे. त्याला शशिकांतरावांनी सकाळीच बजावलं होतं, मागच्या वेळी पाहुण्यांचा फेटा भाषणात डोळ्यांवर आला होता, यावेळी हलता कामा नये.

"काय काळजी करू नगासा साहेब," संपत म्हणाला. "वादळ आलं तरी हलायचा न्हाई. पिना आणल्यात." त्यानं त्या तोंडातच धरल्या होत्या.

फेटा चढला. भगवा, तुऱ्याचा, शेमला थेट कमरेपर्यंत. पिना बसल्या. मग शाल. मग नारळ. अवधूत खाली आखूड चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि खिळ्यांचे बूट, वर अर्धा नवरदेव, असा उभा राहिला. नमिताताईंनी मानपत्र वाचायला घेतलं. 'दोहा नगरीच्या वालुकामय भूमीत रुजलेलं हे रोपटं इटलीच्या मातीत वटवृक्ष झालं' इथं टाळ्या पडल्या. 'देदीप्यमान' दोनदा आलं. अवधूत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. लांबून ते विनयासारखं दिसत होतं.

"आता पाहुणे दोन शब्द बोलतील," वाघचौरे म्हणाले, "पण त्याआधी मी दोन शब्द बोलतो."

ते फार बोलले असं नाही. लातूरच्या मैदानावर लहानपणी ते स्वतः कसे गोलकीपर होते, एवढंच सांगितलं. पाहुणे त्याहून कमी बोलले. फुटबॉलमध्ये आणि मसाल्यांत शुद्धतेला किती महत्त्व आहे, ते त्यांनी थोडक्यात मांडलं. तोवर खेळाडू ड्रेसिंग रूमच्या बोगद्यातून बाहेर आले होते.

मिस्टर बाकाजवळ उभे राहून इकडे तिकडे बघत होते. मग त्यांच्या मदतनिसाला टेबल दिसलं.

"अवोदूत!" तो ओरडला. सरावात शिकलेला एकमेव अरबी शब्दही त्यानं लावला. "यल्ला! यल्ला!"

"एक फोटो," फोटोग्राफर म्हणाला. "सर, थोडं इकडे. वहिनी, तुम्ही पण."

"जाऊ दे हो त्याला!" आसावरीबाई म्हणाल्या.

"फोटो झाला की जाईलच," शशिकांतराव म्हणाले, आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो चांगला आला. पुढे तो मोठा करून त्यांनी दिवाणखान्यात लावला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, एक अवधूत सोडून.

हात निघताच अवधूतनं नारळ वडिलांच्या हातात कोंबला, शाल टाकली आणि धावत सुटला. धावता धावता फेटा ओढायला लागला. फेटा हलला नाही. संपतनं शब्द पाळला होता. ओढला तशा पिना केसांत रुतल्या, शेमला सुटून पायांत आला, आणि अवधूत कडेच्या रेषेजवळ एका गुडघ्यावर आला.

"थांबा! वडू नगासा! उलटी पीन हाय!" संपत मागून पळत होता.

गॅलरीला वाटलं, पोरगा फेटा घालूनच उतरतोय. अशी दाद त्या मैदानानं ऐकली नसेल. "गणपती बाप्पा..." कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी पूर्ण केलं. राखीव संघाचा अख्खा बाक फोन काढून उभा होता. पंचानं मिस्टरकडे बघून दोन्ही तळहात वर केले.

मिस्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. अगदी मनापासून, मिशा पुसत हसले. मग त्यांनी अवधूतच्या पाठीवर थाप मारली आणि ब्रेशियाच्या मुलाला बोटानं बोलावलं. तो घामानं निथळत होता.

मैत्रीपूर्ण सामन्यात बदल कितीही करता येतात. मिस्टर नंतरही अवधूतला उतरवू शकले असते. पण ब्रेशियाच्या मुलानं उतरल्या उतरल्या गोलरेषेवरून एक चेंडू काढला, मग डावीकडून पळत जाऊन असा एक चेंडू आत टाकला की त्यावर गोल झाला. त्यानंतर मिस्टरांनी बाकाकडे वळून पाहिलं नाही. संपतनं बाकाच्या मागं उभं राहून, एकेक करत, सगळ्या पिना सोडवल्या. दोन ठिकाणी रक्त आलं. "लई मऊ केस हायती तुमचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संघ द पर्ल या बेटावरच्या हॉटेलात सामान आवरत होता. शशिकांतराव चिवड्याचा डबा घेऊन मिस्टरांना भेटायला गेले. त्यांचा विचार होता की संस्कृतीतला फरक नीट समजावून सांगावा. मिस्टरांनी त्यांना लॉबीत बसवलं, कॉफी मागवली, आणि ते काही बोलायच्या आत स्वतःच मोडक्या इंग्रजीत बोलू लागले.

ते म्हणाले, रात्री मी विचार करत होतो. दोन्ही मुलं सारखीच. तुमचा कदाचित जास्त वेगवान. मला ठरवता येत नव्हतं, ते तुमच्या लोकांनी ठरवून दिलं. ब्रेशियाच्या मुलाला विचारणारं कुणी नाही. सोडला तर तो गोदामात खोकी उचलेल. तुमचा मुलगा इथं कुणीतरी आहे. शेकडो माणसं, मुकुट, भाषणं. "मोंतेसल्वो, ही इज नोबडी. हियर, प्रिन्स." अशा मुलाला आमच्या बाकावर बसवून ठेवणं मला बरं वाटत नाही. त्याला त्याच्या माणसांत राहू द्या.

मग त्यांनी चिवड्याचा एक घास घेतला, फार तिखट आहे म्हणाले, आणि शशिकांतरावांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

शशिकांतराव पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ एसी लावून बसले. ती शेकडो माणसं वाघचौरेंच्या बसमधून आली होती, मुकुट भाड्याच्या कापडाचा होता आणि भाषणं त्यांनी स्वतः मागून घेतली होती, हे परत वर जाऊन सांगता आलं असतं. लिफ्ट समोरच होती. त्यांनी गाडी सुरू केली.

"काय म्हणाले?" आसावरीबाईंनी दारातच विचारलं.

"म्हणाले, याला तिथं बाकावर ठेवणं हा याचा अपमान आहे."

"म्हणजे ठेवलं नाही."

"अगं, तिथं सगळं राजकारण असतं. आपल्या माणसाला पुढे येऊ देत नाहीत." वाक्य बोलता बोलता त्यांनाच पटत गेलं. संध्याकाळी वाघचौरेंना फोनवर सांगेपर्यंत ते पूर्ण खरं झालं होतं. "वर्णभेद हो, दुसरं काय. तोंडावर गोड बोलतात."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. सामन्यानंतर रात्रीपुरता घरी आलेला अवधूत पलंगावर बसून बूट पिशवीतून काढत होता. खिळ्यांत मैदानाचं गवत अडकलं होतं. त्यानं सगळं ऐकलं, उठला, आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा फोटो येत होते. 'गर्व आहे!' 'पुढील सामन्यासाठी शुभेच्छा!' शशिकांतरावांनी प्रत्येकाला जोडलेले हात पाठवले. कुणी विचारलं नाही की गोल किती झाले. सत्काराचा नारळ आसावरीबाईंनी फोडला नाही. तो ओट्यावर पडून राहिला आणि एके दिवशी त्यांनी तो खाली कचऱ्यात टाकून दिला.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाचा बालक्रीडा दिन झाला. प्रमुख पाहुणा ठरवायला सभेत वेळच लागला नाही. अवधूत तोवर खेळांच्या सामानाच्या एका दुकानात लागला होता, सुट्टी मिळते का बघतो म्हणाला. मिळाली.

त्याच मैदानाच्या त्याच कडेला टेबल होतं. शशिकांतरावांनी माइक घेतला. "इटलीच्या व्यावसायिक फुटबॉलमधून नुकतेच निवृत्त झालेले..." असं ते म्हणाले. अवधूत वीस वर्षांचा होता. टाळ्या पडल्या.

संपत फेटा घेऊन पुढे झाला. जवळ आल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "या टायमाला पिना नगं लावू या. नुसता गुंडाळतो. कवाबी वडला तर निघंल."

"लावा, काका," अवधूत म्हणाला. "आता कुठं जायचंय?"

त्यानं मान पुढे केली. संपतनं पिना लावल्या. बाजूला मैदानात मुलं चेंडूमागं पळत होती आणि कुणीतरी शिट्टी वाजवली, पण अवधूतनं तिकडे पाहिलं नाही. फोटो होईपर्यंत तो हलला नाही, आणि यावेळी त्यानं कॅमेऱ्याकडे नीट बघितलं. शशिकांतरावांना फार बरं वाटलं. पोरगा शेवटी शहाणा झाला, असं ते घरी जाताना आसावरीबाईंना म्हणाले.